बारा पोरं, अर्धं मैदान आणि चार विटा

एका क्रीडाशिक्षकांनी विचारलंय: "शाळेत १२ ते १४ वयाची बारा मुलं आहेत, फुटबॉल तीन. मैदान अर्धंच मिळतं, उरलेल्या अर्ध्यात क्रिकेट चालतं. रोज चार विरुद्ध चार खेळवतो, पण सगळी बॉलमागं पळतात आणि बचावातला पोरगा मिळेल तिकडं लाथ मारतो. चढाई आणि बचाव दोन्ही सुधारतील असे छोट्या संघांचे दहा-बारा ड्रिल सांगा."

सर, दहा-बारा देत नाही. चार देतो, आणि ते चारच महिनाभर कसे पुरवायचे तेवढं सांगतो. कारण तुम्ही लिहिलंय त्यावरून ड्रिलची टंचाई ही तुमची अडचण वाटत नाही. पोरं खेळतायत, घाम गाळतायत, त्यांना मजाही येत असणार. पण आज या खेळातून काय शिकायचंय हे मैदानानं त्यांना सांगितलेलं नाही. आणि कडेला उभं राहून ओरडून सांगितलेलं तेराव्या वर्षी कोण ऐकतंय!

माझीच गोष्ट सांगतो. मी कोल्हापुरात पेठेच्या संघातून बचावफळीत खेळलो, गुडघा गेल्यावर गेली अठरा वर्षं पोरांना शिकवतोय. पहिली दोन वर्षं मी "पसरा, पसरा" एवढंच ओरडायचो. एकदा एक पोरगं खेळता खेळता थांबलं आणि म्हणालं, "सर, पसरून जाऊ कुठं?" मला राग आला. सगळे गेल्यावर पावलं टाकून बघितलं, तर आखलेली जागा वीस बाय पंधरा मीटर भरली. त्यात आठ पोरं. पोराचं बरोबर होतं.

हिशेब करा. मोठं मैदान १०५ बाय ६८ मीटरचं धरलं तर बावीस जणांत माणशी सव्वातीनशे चौरस मीटरच्या आसपास जागा येते. माझ्या त्या चौकोनात माणशी अडतीससुद्धा येत नव्हती. एवढ्या जागेत बॉल पायात आला की पुढच्या क्षणी दोघं अंगावर असतात. अशा वेळी बॉल उडवणारा पोरगा चुकत नसतो, मैदानानं विचारलेल्या प्रश्नाचं तो बरोबर उत्तर देत असतो. तुमच्याकडंही आधी पावलं टाकून बघा. मोठं पाऊल म्हणजे साधारण मीटर, टेप लागत नाही.

मग माप किती ठेवायचं? ते बऱ्याच गोष्टींवर आहे. या वयाला चार विरुद्ध चारसाठी मी ३० बाय २० पासून सुरू करतो, म्हणजे माणशी ७५ चौरस मीटर. चढाई शिकवायचा दिवस असेल तर ३५ बाय २५. पण हे बऱ्या मैदानाचं माप झालं. मुरमाच्या, खडबडीत मैदानावर बॉल उसळतो आणि पहिला टच दोन मीटर लांब जातो. तिथं दोन्ही बाजूंनी चार-पाच मीटर वाढवा, नाहीतर नुसती झोंबाझोंबी. पावसात उलटं करायचं. चिखलात बॉल रुततो, पाय जड होतात, मोठ्या मैदानात पोरं दहा मिनिटांत बसतात. आणि तुमच्या बारांत दोन-तीन पोरं बाकीच्यांपेक्षा फारच पुढची असतील तर मोठ्या मैदानात तीच एकटी पळत सुटतात. त्यांना एका संघात घालू नका.

दुसरी गोष्ट मापाइतकीच महत्त्वाची. एका दिवशी एकाच बाजूशी बोला. छोट्या खेळात दर दहा सेकंदांनी बॉल इकडचा तिकडं होतो. तुम्ही दोन्ही संघांना दोन्ही गोष्टी सांगत बसलात तर कुणालाच काही कळत नाही. माझा चढाईचा दिवस असला की ज्यांच्याकडं बॉल आहे त्यांच्याशीच मी बोलतो. बचाववाले ऐकत असतातच, आणि समोरची चढाई सुधारली की त्यांना आपोआप चांगला बचाव करावा लागतो. दुसऱ्या दिवशी तेच मैदान, तोच खेळ, फक्त गुण मोजायचा नियम बदलतो आणि मी दुसऱ्या बाजूशी बोलतो. महिनाभर चार ड्रिल पुरतात ते असे.

आता ड्रिल.

सुरुवात एकास एकनं. पंधरा मीटर लांब, दहा मीटर रुंद अशा तीन पट्ट्या फक्कीनं आखा. प्रत्येक पट्टीत चार पोरं, एक बॉल. बारा पोरं, तीन बॉल; दोघं खेळतात, दोघं पाळीला. बचाववाला एका टोकाकडून समोरच्याला पास देतो आणि पासच्या मागोमाग धावत जातो. चढाईवाल्यानं बॉल पायात ठेवून बचाववाल्याच्या टोकाची रेघ ओलांडायची. लांबून मारलेला बॉल धरायचा नाही. बचाववाल्यानं बॉल काढून घेतला तर त्यानं समोरची रेघ ओलांडायची, म्हणजे नुसतं लाथाडून भागत नाही. सात-आठ सेकंदांत निकाल लागला नाही तर बचाववाला जिंकला.

इथं बचाववाल्याची एकच चूक शंभरदा दिसेल: तो सुसाट जातो आणि पाय घालतो. आमच्याकडच्या पोरांना मी तालमीतलं सांगतो. पैलवान हाताला हात लागल्या लागल्या पट काढायला जात नाही, आधी खडाखडी करतो. समोरच्याचा तोल कुठं आहे ते बघतो. तसंच इथं. पहिली पाच-सहा पावलं जोरात, शेवटची तीन बारीक. अंग तिरकं, एक पाय पुढं, गुडघे वाकलेले. मधली वाट बंद करून समोरच्याला कडेकडं ढकलायचं, कारण कडेची रेघ हा फुकटचा बचावपटू आहे. आणि मग थांबायचं. बॉल त्याच्या पायापासून हातभर लांब गेला की पाय घालायचा, तोपर्यंत नाही. चढाईवाल्याला सांगायचं ते थोडकं: बचाववाल्याच्या बगलेतून नाही, थेट त्याच्या अंगावर जा, त्याला थांबायला लाव आणि तो थांबला की वेग बदल. पहिल्यापासून पूर्ण वेगात असलेल्या पोराकडं बदलायला काही उरतच नाही.

आठवड्याभरानं त्याच पट्टीत दोनास एक करा. यात पोरं पास फार लवकर देतात. बचाववाला अजून मधे उभा असतानाच बॉल सुटतो, मग तो आरामात दुसऱ्याकडं सरकतो. बॉलवाल्यानं त्याला स्वतःकडं ओढायचं, तो ओढला गेला की पास. "अजून नको... अजून नको... आता!" असं दोन दिवस मी स्वतः म्हणतो. तिसऱ्या दिवशी गप्प.

दुसरा खेळ चार गोलांचा, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. मैदान ३० लांब, २५ रुंद. दोन्ही टोकांच्या रेघांवर दोन-दोन छोटे गोल, कोपऱ्यांपाशी, दोन पावलं रुंद. विटा, चपला, काहीही चालतं. गोलरक्षक नाही. प्रत्येक संघानं आपल्या टोकाचे दोन्ही गोल राखायचे आणि समोरच्या दोन्हींवर मारायचं. चार-चारांचे तीन संघ करा, एक बाहेर.

पहिली दहा मिनिटं काही वेगळं घडणार नाही. आठच्या आठ पोरं एका कोपऱ्यात जमतील. मधे पडू नका. कुणीतरी एक पोरगं मान वर करेल, पलीकडचा गोल ओसाड पडलाय हे बघेल आणि तिकडं पळेल. त्या क्षणी खेळ थांबवा आणि एकच विचारा, "बॉल त्याच्याकडं पोचवायचा तर वाटेत कोण पाहिजे?" उत्तर असतं मागचा माणूस. गर्दीच्या बाहेर, बॉलच्या पाठीमागं उभा राहणारा, ज्याच्याकडं बॉल आला की एका टचमध्ये दुसरीकडं फिरवता येतो. पोरांना मी पतंग आठवायला लावतो. एक पुढं, एक मागं, दोघं दोन्ही बाजूंना. पतंग फिरू दे, तिरका होऊ दे, पण चारही टोकं ताणलेली पाहिजेत. "पसरा" म्हणण्यापेक्षा "पतंग कुठाय?" हे पोरांना लवकर समजतं.

चढाईच्या दिवशी एका बाजूकडून बॉल फिरवून दुसऱ्या बाजूला मारलेला गोल दोनाचा धरा. मागच्या माणसाला अचानक भाव येतो. तोपर्यंत तिथं उभं राहायला कुणी तयार नसतं, कारण तिथून गोल होत नाही.

बचावाच्या दिवशी गोल दोन पावलांचे चार पावलांचे करा. आता चौघांत दोन मोठी दारं राखायचीत, म्हणजे प्रत्येकानं एकेक धरून चालत नाही. बॉलवर एक जातो, दुसरा त्याच्या मागं तिरका उभा राहतो, पहिला फसला तर हा आहे. उरलेले दोघं बॉलच्या बाजूला सरकतात. लांबचा गोल उघडा सोडतात, आणि हीच हिंमत पोरांना होत नाही. त्यांना दाखवून द्या: बॉल तिकडं पोचायला दोन पास लागतात, आणि बॉल हवेत किंवा वाटेत असताना तुम्हाला पळायला वेळ मिळतो. बॉल थांबल्यावर पळायला सुरुवात केली तर उशीर होणारच. कबड्डीतली साखळी बघा. चढाई करणारा आत आला की कोपरारक्षक एकटा झेप घेत नाही, शेजारचा हलला की हा हलतो. चौघांमधे दोरी बांधल्यासारखं हलायचं. मी एकदा खरंच दोरी बांधून बघितली होती, दोघं तोंडावर पडली, तो प्रयोग करू नका.

या खेळात एक पळवाट आहे, पोरं ती तिसऱ्या दिवशी शोधतात. दोघं दोन गोलांसमोर दगडासारखी बसून राहतात. उपाय म्हणून प्रत्येक गोलासमोर तीन पावलांचं अर्धवर्तुळ आखा. बॉल आत आल्याशिवाय बचाववाल्यानं आत थांबायचं नाही.

तुमच्या लाथ मारणाऱ्या पोराचं इथंच बोलू. आमच्या शाहू स्टेडियमवर सामन्यात कुणी बॉल आभाळात उडवला की टाळ्या पडतात, पोरं तेच बघून येतात. पण उडवणं दर वेळी चूक नसतं. आपल्या गोलच्या तोंडाशी, अंगावर दोघं, तोंड आपल्याच गोलकडं, अशा वेळी मीही "उडव" म्हणतो. म्हणून मी जागा ठरवून देतो. आपल्या टोकाच्या रेघेपासून पाच मीटरच्या पट्ट्यात उडवायला मुभा. त्याच्या बाहेरून कुणी बॉल मैदानाबाहेर लाथाडला तर समोरच्यांना एक गुण आणि बॉलही त्यांनाच. दोन दिवस पोरं भांडतात. मग उडवण्याआधी आपण कुठं उभे आहोत हे बघायला लागतात, आणि बघायला मान वर केली की त्यांना एखादा मोकळा सोबतीही दिसतो.

तिसरा खेळ वेगळा नाही, त्याच मैदानावर एक नियम जास्त आहे. बॉल गेला की पोरं काय करतात? हात पसरून पासवाल्याकडं बघतात. चढाई आणि बचाव यांच्यामधले हे तीन-चार सेकंद शिकवायचे असतील तर बॉल गेल्याक्षणी बाहेर बसलेल्या संघाला मोठ्यानं पाचपर्यंत मोजायला लावा. पाचाच्या आत बॉल परत मिळवला तर एक गुण. आणि ज्यांनी बॉल जिंकलाय त्यांनी पाचाच्या आत मधली रेघ पास देऊन पार केली तर त्यांना एक गुण. २००८ ते २०१२ या काळात प्रशिक्षक गार्डिओलाच्या बार्सिलोना क्लबचं नाव पासिंगसाठी झालं, पण बॉल गेल्यावर पहिल्या काही सेकंदांत ते कसे तुटून पडायचे ते पोरांना व्हिडिओवर दाखवा. मात्र हा खेळ फार दमवतो. तीन-तीन मिनिटांच्या चार फेऱ्या, त्याहून जास्त नको. उन्हाळ्यात तर सकाळीच. आणि पाचानंतर बॉल मिळाला नाही तर मागं येऊन पतंग आवळायचा हेही सांगा, नाहीतर पोरं मैदानभर बॉलचा पाठलाग करत राहतात आणि तुम्ही परत पहिल्या अडचणीवर येता.

चौथा खेळ बाराही जणांचा. पाच विरुद्ध पाच, गोलरक्षकांसकट, आणि उरलेले दोघं कॉमन. गल्ली क्रिकेटमधे पोरं विषम झाली की एक जण दोन्हीकडून बॅटिंग करतो ना, तोच कॉमन. इथं दोघं दोन्ही कडांना उभे, ज्याच्याकडं बॉल त्याच्या बाजूचे. मैदान ४० बाय २५. कॉमनमुळं बॉलवाल्यांकडं कायम दोन माणसं जास्त, म्हणून चढाईला श्वास घ्यायला जागा मिळते. बचावाच्या दिवशी कॉमन काढा, सहा विरुद्ध सहा करा.

नियम एकच: गोल मारताना आपला गोलरक्षक सोडून सगळे मधल्या रेघेच्या पुढं असले तरच गोल धरायचा. आणि त्या वेळी समोरचा कुणी पुढंच रेंगाळत असेल, मागं आला नसेल, तर तो गोल दुप्पट. या एका नियमानं पुढं-मागं सगळा संघ एकत्र हलायला लागतो. पहिल्या दिवशी आळशी फॉरवर्डवर त्याचेच सोबती असे ओरडतात की तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

गोलरक्षकालाही यात घ्या. १९९२ पासून सोबत्यानं मुद्दाम पायानं दिलेला पास त्याला हातात घेता येत नाही, आणि २०१९ पासून गोलकिक आपल्याच पेनल्टी क्षेत्रात उभ्या सोबत्याला देता येते. म्हणजे तो आता पतंगाचं शेपूट आहे. तरी कितीतरी ठिकाणी अजून गोलकिक म्हटली की बॉल आकाशात. सरावात रक्षकानं हातानं किंवा जमिनीवरूनच खेळ सुरू करायचा.

रोंदो, म्हणजे रिंगणातले चार पास देतात आणि मधले दोन बॉल काढायला बघतात तो खेळ, याबद्दल बरेच जण विचारतात. क्रायफ १९८८ ते १९९६ बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता, तेव्हा रोंदो तिथल्या रोजच्या सरावात होता. चांगला आहे, सुरुवातीला दहा मिनिटं घ्या. पण त्यात गोल नाही, दिशा नाही, म्हणून तुमची अडचण त्यानं सुटणार नाही. मधल्या दोघांनी एकत्र कसं दाबायचं तेवढं त्यात छान शिकवता येतं.

दोन गोष्टी मी करून पस्तावलोय. एक, "दोनच टच" हा नियम, म्हणजे बॉलला दोनदाच पाय लावायचा. खेळ दिसायला सुंदर होतो, म्हणून मी वर्षभर तोच चालवला. त्या वर्षी ड्रिबल मारणारी दोन पोरं माझ्याकडं होती, वर्षाअखेरीस ती बॉल आला की घाबरून पास द्यायला लागली. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या पुढच्या फळीत होता, तेव्हापासून प्रत्येक पोराला फॉरवर्ड व्हायचंय. आणि मी त्यांना अंगावर जायचीच बंदी घातली होती! टचवर बंधन घालायचंच तर आपल्या टोकाच्या पट्ट्यात घाला, समोरच्या अर्ध्यात नाही.

दुसरी, "जिंकेल तो राहील". ऐकायला बरं वाटतं, पण कच्चा संघ सगळ्यात जास्त वेळ बसून राहतो, आणि ज्यांना खेळायची गरज आहे तेच खडे फेकत बसतात. तीन संघ ठरलेल्या क्रमानं फिरवा. चार-चार मिनिटांचे सहा सामने घेतले तर चोवीस मिनिटांत प्रत्येक संघ चारदा खेळतो. बाहेरच्यांनी बॉल आणून द्यायचे, म्हणजे तीन बॉल पुरतात आणि खेळ तुटत नाही.

एवढं करूनही छोट्या खेळातून काही गोष्टी येत नाहीत. ऑफसाइडची रेघ सांभाळणं, लांब क्रॉस, हेडर, तीस मीटरची सरळ धाव. स्पर्धा जवळ आली असेल तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा क्रिकेटवाल्या सरांकडून पूर्ण मैदान मागून घ्या, शेजारच्या शाळेची पोरं बोलवा आणि मोठा खेळ खेळवा. त्या दिवशी कुठलाही जादा नियम नको.

या आठवड्यात एवढंच करा: रोज पंधरा मिनिटं एकास एक, मग चार गोल, आणि बोलायचं फक्त बॉलवाल्यांशी. काही मोजायचं असेल तर गोल मोजू नका. खिशात बारीक खडे ठेवा. गर्दीतून बॉल मागच्या माणसाकडं आला आणि तिथून दुसऱ्या बाजूला गेला की एक खडा एका खिशातून दुसऱ्या खिशात. चार मिनिटांच्या सामन्यात किती होतात ते लिहून ठेवा आणि तिसऱ्या आठवड्यात मला कळवा. आमच्याकडं पहिल्या दिवशी सहा सामन्यांत मिळून दोन झाले होते, त्यातला एक चुकून.